रिकामटेकडी रिकम्बंट

क्रांती चौकातून निघायचं, आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसायचं आणि दौलताबादचा घाट चढून खुलताबादला पोचायचं... जमेल? शंभर टक्के! फक्त दम पायांत नाही, दातांत हवा!

वीकेण्डची पहाट आणि क्रांती चौक हे कॉम्बिनेशन ज्यांनी अनुभवलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. दिवसभर हॉर्न, रिक्षा आणि सिग्नलच्या तावडीत सापडलेला हा चौक साडेपाचला चक्क शांत असतो. १८५७च्या बंडातल्या सैनिकांची आठवण जपणारं चौकाचं नाव, अश्वारूढ शिवाजी महाराजांचा २०२२मध्ये उभा राहिलेला भव्य पुतळा आणि आसपास घोळका करून उभे असलेले सायकलवाले. हेल्मेट, भडक रंगांचे टी-शर्ट, कुणाची रोड बाइक, कुणाची एमटीबी. आता या घोळक्यात अशी एक सायकल डोळ्यांसमोर आणा, जिच्यावर माणूस बसलेला नाही, रेललेला आहे. पाठीला टेका, पाय समोर लांब केलेले आणि पायडल पुढच्या चाकाच्याही पुढे. आजोबांच्या आरामखुर्चीला चाकं लावून कुणीतरी रस्त्यावर आणावी, तसा सगळा थाट! पहिली प्रतिक्रिया ठरलेली. रिक्षावाला मान बाहेर काढून विचारणार, ‘क्या मियाँ, सोते सोते किधर?’

या प्रकरणाचं नाव रिकम्बंट सायकल. मराठीत बारसं करायचंच झालं, तर ‘रिकामटेकडी’ म्हणावं. एक तर बघणाऱ्याला हा उद्योग रिकामटेकडाच वाटतो आणि दुसरं म्हणजे हिचा खरा सामना असतो तो टेकडीशी. सपाट रस्त्यावर ही राणी. चढ आला की भल्याभल्यांना घाम फोडते. आणि आपल्या शहराच्या वायव्येला निघालं की चढ हा येणारच!

बंदी घातलेली सायकल

ही काही कालपरवाची टूम नाही बरं का. १९३३च्या जुलैमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या फ्रेंच सायकलपटूनं अशाच सायकलवरून एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४पासून अबाधित होता, तो मोडला. गंमत म्हणजे हा फोर काही पहिल्या फळीतला स्टार नव्हता. कमाल होती ती शार्ल मोशे यांनी बनवलेल्या सायकलची. झालं! सायकलविश्वात वादळ उठलं आणि १९३४मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं सायकलची व्याख्याच अशी केली, की रिकम्बंट शर्यतीतून बाद. तेव्हापासून मोठ्या शर्यतींत ही दिसत नाही. त्यामुळे दुकानांत दिसत नाही आणि दुकानांत नाही म्हणून रस्त्यावरही नाही.

पण हौशी मंडळींनी तिला सोडलं नाही. वाऱ्याला कापणारं कवच चढवलेल्या रिकम्बंटवर टॉड रायकर्ट या कॅनेडियनानं २०१६मध्ये ताशी १४४ किलोमीटरचा वेग गाठला. इंजिन नाही, बॅटरी नाही, फक्त दोन पाय. लांब पल्ल्याच्या ऑडॅक्स राइड्समध्येही, म्हणजे साडेतेरा तासांत २०० किलोमीटरवाल्या त्या बीआरएममध्ये, रिकम्बंटला मज्जाव नाही.

वेगाचं रहस्य सोपं आहे. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याचा खरा शत्रू वारा. आडवं झालं की छाती वाऱ्याला आडवी येत नाही. शिवाय मनगटांवर भार नाही, मानेला ताण नाही आणि सीटबद्दल तर बोलायलाच नको! दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसणाऱ्या आणि संध्याकाळी मान चोळणाऱ्या आपल्या पिढीला आणखी काय हवं? एक छोटा बोनसही आहे. रोड बाइकवर ओणवं झाल्यावर समोर दिसतं ते डांबर. रिकम्बंटवरून क्रांती चौकातला पुतळा मान वर न करता, अगदी घोड्याच्या टापांपासून पूर्ण दिसतो.

उभं राहता येत नाही, तेव्हा...

मग टेकडीशी वाकडं का? साध्या सायकलवर चढ लागला की आपण काय करतो? सीटवरून उठतो आणि अख्ख्या अंगाचं वजन पायडलवर टाकतो. शाळेत असल्यापासूनची ही ट्रिक. रिकम्बंटवर ती बंद. उठणार कुठे आणि वजन टाकणार कशावर? दुसरं, घाटात वेग ताशी सहा-सात किलोमीटरवर येतो. एवढ्या हळू जाताना वारा अडवतच नाही, म्हणजे हिचा हुकमी एक्का बाद. उरतं काय, तर वजन. चांगली रोड बाइक नऊ-दहा किलोंची, तर रिकम्बंट सहज पंधरा-सोळाची.

इथे नवखे एक उपाय शोधून काढतात. पाठ टेक्याला रोवायची आणि पायांनी दणकून रेटा द्यायचा, जिममधल्या लेग प्रेससारखा. जोर खूप लागतो, सायकल चढतेही. पण हा सगळा रेटा गुडघ्यांतून जातो. अंगाच्या वजनापेक्षा जास्त जोर लावायची सोय ही रिकम्बंटनं दिलेली ताकद नाही, तो सापळा आहे. असे चार घाट मारले की पाचव्या रविवारी सायकलऐवजी ऑर्थोपेडिकची अपॉइंटमेंट!

खरा फंडा उलटा आहे. जोर कमी, फेरे जास्त. मिनिटाला सत्तर-ऐंशी हलके, गोल फेरे. पाय फिरत राहिले पाहिजेत, श्वास लागला तरी चालेल, मांडी पेटता कामा नये. आणि हे जमायला सायकलला तसे गिअर लागतात. म्हणून रिकम्बंटवर घाट चढणं हा बॉडीचा कमी आणि गणिताचा जास्त विषय आहे.

दातांचं गणित

घाबरू नका, गणित पाचवीचंच आहे. पायडलजवळच्या चकतीचे दात भागिले मागच्या चकतीचे दात, गुणिले मागच्या चाकाचा घेर. उत्तर येतं ते पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर सरकते त्याचं.

समजा, रिकम्बंटला पुढे ५२-३९-३० दातांच्या तीन चकत्या आहेत, मागे ११ ते ३२ची कॅसेट आणि मागचं चाक २६ इंची, म्हणजे घेर सुमारे २.०५ मीटर. सगळ्यात हलका गिअर ३० भागिले ३२. एका फेऱ्यात सायकल जाते १.९२ मीटर. मिनिटाला ७० फेरे धरले तर वेग ताशी आठ किलोमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण माणूस, सायकल, पाणी मिळून ९२ किलो वजन आणि शंभर मीटरला सहा मीटर चढ असेल, तर या वेगाला सुमारे १४० वॅट शक्ती लागते. सराव असलेल्याला ठीक. सोमवार ते शुक्रवार खुर्चीत घालवणाऱ्याला पंधरा मिनिटांत फेस येईल.

आता पुढच्या चकत्या बदलून एमटीबीच्या ४४-३२-२२ लावा आणि मागे ११ ते ३४ची कॅसेट. सगळ्यात हलका गिअर २२ भागिले ३४. एका फेऱ्यात जेमतेम १.३३ मीटर. तेच ७० फेरे, वेग साडेपाच किलोमीटरच्या आसपास आणि लागणारी शक्ती शंभर वॅटच्या आतबाहेर. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी! एवढं बहुतेक धडधाकट माणसांना झेपतं, तेही गप्पा मारत.

मग वरचा वेग जातो का? जातो थोडा. ४४ भागिले ११वर, मिनिटाला ९० फेऱ्यांनी, ताशी ४४ किलोमीटर मिळतात. त्याहून जास्त वेग आपल्याला मिळणार तो उतारावर, आणि उतारावर पायडल मारायचंच कशाला? म्हणून डोंगराळ भागासाठी रिकम्बंट घेताना ‘टॉप स्पीड किती?’ हा प्रश्न विसरा. ‘सगळ्यात लहान गिअर कोणता?’ हे विचारा.

एक छुपी सवलतही आहे. मागचं चाक २० इंची असलेल्या रिकम्बंट, विशेषतः तीनचाकी, मिळतात. चाकाचा घेर दीड मीटरच्या आत, त्यामुळे सगळेच गिअर आपोआप हलके होतात. ३० भागिले ३२वर फक्त १.४ मीटर! खर्च शून्य.

चकत्या बदलताना मात्र मेकॅनिकशी दोन गोष्टी बोलून घ्या. पुढच्या चकत्यांत २२ दातांचा फरक आणि मागे २३चा, म्हणजे एकूण ४५ दातांएवढी चेन सैल-घट्ट होणार. तेवढी सांभाळणारा लांब दांडीचा मागचा डिरेलर हवा. पुढचा डिरेलरही लहान चकतीप्रमाणे खाली सरकवावा लागतो. आणि चेन? साध्या सायकलच्या जवळपास अडीच पट लांब! ती सीटखालून कप्प्यांवरून फिरते. या कप्प्या साफ ठेवल्या नाहीत तर अर्धी मेहनत खरखरीतच जाते.

चला खुलताबादला!

गणित झालं, आता प्रात्यक्षिक. पण पहिल्याच दिवशी घाट नको. रिकम्बंटवर तोल सांभाळायची सवय वेगळी असते. ती लावायला विद्यापीठ आणि औरंगाबाद लेण्यांकडचे चढाचे रस्ते मस्त. तिकडे गोगाबाबाच्या टेकडीच्या साक्षीनं सगळ्यात हलक्या गिअरवर, नागमोडी न होता, सरळ रेषेत जायला शिका. ताशी पाच-सहा किलोमीटरवर सायकल डगमगते ती हँडल घट्ट धरल्यामुळे. खांदे सैल, मान टेक्याला, नजर लांब. जमेल!

मग एका पहाटे क्रांती चौक. जालना रोडनं पश्चिमेला, बाबा पेट्रोल पंप, नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा. हा सगळा टप्पा वॉर्मअप समजा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर, खुलताबाद साडेआठशेच्या आसपास आणि म्हैसमाळ १०६७ मीटरवर. म्हणजे अगदी म्हैसमाळ गाठलं तरी नक्त चढ पाचशे मीटरच. तोही पस्तीस-चाळीस किलोमीटरांत वाटलेला. आकडा तसा घाबरवणारा नाही. पण तो सारखा वाटलेला नाही, अडचण तिथे आहे.

पंधराएक किलोमीटरवर उजाडता उजाडता देवगिरीचा किल्ला दिसायला लागतो. मुहम्मद तुघलकानं १३२७मध्ये दिल्लीची राजधानी इथे हलवली, तेव्हा लोकांनी हा प्रवास केला तो पायी आणि बैलगाडीनं. आपण तर टेक्याला पाठ लावून चाललोय!

किल्ला मागे पडला की घाट. आणि घाटाच्या वाटेवर दिल्ली दरवाजा. जुन्या तटबंदीतला हा दरवाजा अरुंद, त्यात दोन्ही बाजूंनी बस, जीप आणि पर्यटकांच्या गाड्या. इथे थांबावं लागणार, हे गृहीतच धरा. आणि रिकम्बंटवाल्याची खरी परीक्षा हीच. डिरेलरचे गिअर सायकल चालू असतानाच पडतात. मोठ्या गिअरवर थांबलात, तर चढावर पुन्हा निघता येणार नाही. म्हणून पुढची गर्दी दिसताक्षणी, थांबण्याआधीच, गिअर हलका करून ठेवा. निघताना मागचा ब्रेक दाबलेला, एक पाय पायडलवर सर्वांत वरच्या जागी, दुसरा जमिनीवर. ब्रेक सोडा, पायडल रेटा आणि दुसरा पाय झटकन वर घ्या. नाहीच जमलं, तर उतरून पन्नास पावलं ढकलत न्या. लाज कसली? तीनचाकी असेल तर हा प्रश्नच मिटला. ती वाटेल तिथे थांबते, वाटेल तिथून निघते आणि ताशी तीन किलोमीटरनंही रांगत चढते. घाटासाठी तीनचाकी उत्तम म्हणतात, ते याचसाठी.

घाट संपून पठारावर आलात की कागजीपुरा. हातकागदाची जुनी परंपरा असलेलं गाव. इथे थांबून पाणी प्या, पाय खाली सोडा. रिकम्बंटवर पाय कायम उंचावर असतात, त्यामुळे तळव्यांना मुंग्या येतात. दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं चाललात, तर त्रास होत नाही.

आणि मग खुलताबाद. मलिक अंबरची कबर, सूफी संतांचे दर्गे आणि भद्रा मारुती. देशात शयन अवस्थेतल्या मारुतीची मंदिरं मोजकीच, त्यातलं हे एक. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री आणि हनुमान जयंतीला संभाजीनगरहून हजारो लोक इथे पायी येतात. त्या रात्री रस्ता त्यांचा असतो. सायकल घरीच ठेवा आणि तुम्हीही चालत निघा.

दम शिल्लक असेल तर पुढे दोन पर्याय. डावीकडे घाट उतरून चारेक किलोमीटरवर वेरूळ, नाहीतर बारा किलोमीटर चढून म्हैसमाळ. पावसाळ्यात म्हैसमाळ म्हणजे स्वर्ग, पण मडगार्ड लावायला विसरू नका. पुढच्या चाकाचं पाणी थेट अंगावर येतं.

उतार आणि ऊन

परतीला मजा, पण सांभाळून. वारा अडवत नाही, म्हणजे उतारावर वेगही आवरत नाही. रिकम्बंट साध्या सायकलपेक्षा पटकन पळते. ब्रेक सतत दाबून धरले तर तापतात. मधूनमधून, ठामपणे दाबा आणि वळणाच्या आधी वेग उतरवा, वळणात नको. पाय पायडलवरून निसटणार नाहीत याची सोय हवीच, बूट अडकणारे किंवा पट्टा असलेले पायडल लावा. तीनचाकीवर निसटलेला पाय थेट सीटखाली ओढला जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ऊन. सकाळी जाताना सूर्य पाठीशी असतो. नऊ-दहाला परतताना तो समोर आणि तुम्ही त्याच्याकडे तोंड करून रेललेले! टोपीची झडप, गॉगल आणि मांड्यांना सनस्क्रीन. हसू नका, मांड्यांनाच.

घाटापेक्षा चौक अवघड

आता खरं सांगायचं तर या सगळ्या प्रवासात सगळ्यात धोक्याची जागा दौलताबादचा घाट नाही. ती आहे क्रांती चौक ते नगर नाका, तीही सकाळी दहा वाजता परतताना. घाटाचा प्रश्न गिअर सोडवतो. चौकाचा प्रश्न कोणताही गिअर सोडवत नाही. तुमचं डोकं कारच्या खिडकीच्या पातळीला किंवा त्याहून खाली. बसच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही आणि सिग्नलला रिक्षाचा सायलेन्सर तुमच्या तोंडापाशी. मान वळवून मागे बघायचीही सोय नाही.

म्हणून चार गोष्टी मस्ट. डोक्याच्या वर जाणाऱ्या काठीवर भगभगीत रंगाचा झेंडा. दोन्ही बाजूंना आरसे. दिवसाही चालू असलेला मागचा लाल दिवा. आणि गाड्यांच्या फटींतून घुसायचा मोह शून्य. लेन पकडून, गाडीसारखं चालायचं. तरीही मनाला पटत नसेल, तर सायकल गाडीवर टाकून दौलताबादपर्यंत न्या आणि तिथून सुरुवात करा. त्यात कमीपणा काहीच नाही.

कुणाची ही सायकल?

रोज ऑफिसला जायला हवी असेल, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, किंवा मित्रांच्या ग्रुपला घाटात मागे टाकायचं असेल तर रिकम्बंट विसरा. घाटात तुम्हीच मागे पडणार. पण मान, मनगट किंवा सीटच्या त्रासानं सायकल सुटली असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर ही सायकल पुन्हा रस्त्यावर आणू शकते. घाटात मागे पडायची तयारी असणाऱ्यालाच ती सुख देते.

मिळेल कुठे? परदेशातून मागवलेली रिकम्बंट लाखाच्या घरात आणि पुढे जाते. पण आपल्या शहराकडे एक जमेची बाजू आहे. १९८५मध्ये बजाजचा कारखाना आला तेव्हापासून वाळूज आणि चिकलठाण्यात पाइप वाकवणारे, वेल्डिंग करणारे, अचूक भाग कातणारे हात तयार झालेत. देशभरातले इंजिनीअरिंगचे विद्यार्थी गेल्या दीडेक दशकापासून ‘एफिसायकल’ स्पर्धेसाठी अशीच रेलून चालवायची तीनचाकी वाहनं बनवतात. म्हणजे फ्रेम इथे बनू शकते, गिअर, चेन, ब्रेक एमटीबीचे चालतात. फक्त वेल्डिंगच्या सांध्यात कंजूषी नको. घाट उतरताना तुम्ही त्याच्याच भरवशावर असता.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी चौकात असा कुणी रेललेला दिसला, तर त्याला आळशी म्हणायची घाई करू नका. त्यानं २२ आणि ३४चा हिशेब जुळवलाय आणि तो खुलताबादला निघालाय. आडवं पडल्यानं शक्ती कमी होत नाही, याची खात्री पटवायला तिथे मारुतीराय आहेतच!